यादीबाहेरच्या वाड्या

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाडीला रस्ता नव्हता, यंत्रे वर चढू शकली नाहीत. जवानांनी फावड्यांनी चिखल उपसला. २७ मृतदेह हाती आले आणि ५७ जणांना बेपत्ता ठरवून शोध थांबवला गेला. ही ठाकर आदिवासींची वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, तिथे पूर्वी दरड कोसळली नव्हती, असे तेव्हा सरकारने सांगितले. आमचा आक्षेप नेमका या निकषावर आहे.

जिथे दरड एकदा कोसळली तिथेच धोका, असे मानले तर प्रत्येक नव्या वाडीला यादीत येण्यासाठी आधी माणसे गमवावी लागतील. दरडींचा इतिहास गावाचा नसतो, उताराचा असतो. सह्याद्रीत काळ्या कातळावर झिजलेल्या मुरमाचा आणि मातीचा थर असतो. सलग पावसाचे पाणी त्यात मुरते, खालच्या कातळावर अडते, थर जड होतो आणि सुटतो. २००५च्या जुलैत महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे हेच झाले. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये १५१ जण गेले. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी महाडच्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. उतार, मातीची जाडी, पाऊस आणि महिना एवढे जुळत असताना पुढची वाडी ओळखायला आणखी कोणता पुरावा हवा?

यादी महसुली गावांची नको, वाड्यांची आणि त्यांच्या डोक्यावरच्या उतारांची हवी. ती करताना भूवैज्ञानिकाबरोबर वाडीतली जाणती माणसे डोंगर चढली पाहिजेत. यंदा कुठे नवी भेग पडली, कोणता झरा अचानक गढूळ झाला, कोणते झाड कलले, हे त्यांना ठाऊक असते. आज ते विचारायला कोणी जात नाही. पाऊसही महसूल मंडळाच्या केंद्रावर मोजला जातो. घाटमाथ्यावर काही किलोमीटरवर तो दुप्पट असू शकतो. प्रत्येक धोक्याच्या वाडीत साधा पर्जन्यमापक आणि तो वाचणारे दोघे तरुण, हा खर्च पुनर्वसनाच्या एका घराहूनही कमी आहे.

स्थलांतराची नोटीस मिळूनही लोक हलत नाहीत, अशी तक्रार अधिकारी करतात. जुलैत भातलावणी चालू असते, गोठ्यात गुरे असतात आणि निवारा म्हणून शाळेची एक खोली दाखवली जाते. कोण हलेल? गुरांसाठी गोठा, महिन्याचे धान्य आणि शेतापर्यंत जाता येईल एवढे अंतर, अशी सोय सरकारने मे महिन्यातच उभी करावी. त्यासाठीचा निधी दरड कोसळल्यावर नव्हे, आधीच जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती असला पाहिजे.