मशेरीची डबी

मंडळी, बरेच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त जरा घरगुती आहे.

परवा मुंबईहून भाचा आला. आईसाठी त्यानं औषधं आणली, बिस्किटं आणली, आणि कागदात गुंडाळलेली तंबाखूची पानंही आणली. मी विचारलं तर म्हणाला, "काय करणार मामा, मशेरीशिवाय तिची सकाळ होत नाही."

आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं सासर इथलंच, अंजनवेलचं. गेल्या महिन्यात मीच तिला चिपळूणला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा निघाला. तुकडा काढून तपासायला पाठवला. सुदैवानं कर्करोग नाही. पण असा चट्टा पुढे तिकडे वळू शकतो, मशेरी आजपासून बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. हे सगळं भाच्याला ठाऊक होतं. तरी पुडी आलीच!

मला वाटतं, ह्याचं कारण एकच. मशेरीला आपण तंबाखू समजतच नाही, दंतमंजन समजतो. भाच्यानं आईसाठी गुटखा आणला असता का?

शाळेत मी दर शनिवारी मुलांची नखं नि दात तपासायचो. चौथीतल्या एका मुलीचे दात काळे दिसले म्हणून रागावलो. ती म्हणाली, "गुरुजी, दाढ दुखत होती म्हणून आईनंच लावायला दिली." मी गप्प बसलो. आमच्या आईनं आक्काला अशीच शिकवली होती. तव्यावर पान काळं होईस्तोवर भाजायचं, कुटायचं, डबीत भरायचं. त्या वासानं आम्ही शिंकत बाहेर पळायचो.

दाढ थांबते हे खरं, पण ती बरी होत नाही, कीड आत चालूच राहते. तंबाखूतल्या निकोटीननं हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे हिरडी आजारी असली तरी रक्त कमी येतं आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे. रोज घासून हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, आणि मुळावर वरच्यासारखं कठीण कवच नसतं. गरोदर बायकांना तर आणखी जपायला हवं. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मशेरीसारखी तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली.

दातांवर आपण इतरही अत्याचार करतोच. विटकरीची पूड, सेफ्टी पिननं कोरणं, दातांनी सुपारी फोडणं, कैरी खाऊन लगेच ब्रश घासणं (आंबटानं कवच मऊ होतं, अर्धा-पाऊण तास थांबावं). पण ह्या गोष्टी कळल्या की सोडता येतात. मशेरीचं तसं नाही, ते व्यसन आहे.

कोणी म्हणेल, पूर्वीच्या बायका मशेरी लावून ऐंशीपर्यंत चणे खायच्या. खायच्या काही जणी. ज्यांचं बोळकं चाळिशीत झालं, त्यांची आठवण कोण काढतो?

तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर सरकारनं १९९२ साली बंदी घातली. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावरही आली. पण घरच्या तव्यापर्यंत कुठला कायदा पोचणार? तिथे आपणच पोचायला हवं.

भाच्यानं पुडी परत पिशवीत टाकली. आक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तंबाखू नको म्हणतोस. मग सकाळी उठून मी करू काय?" साठ वर्षांची सवय, तिच्या प्रश्नावर मला चटकन उत्तर सुचलं नाही. सध्या ती सकाळी आमच्याकडे चहाला येते. बोलता बोलता हात कमरेच्या डबीकडे जातो. डबीत मी बडीशेप भरून दिली आहे. ती नाक मुरडते, पण खाते. तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा मोफत फोनही आहे, भाच्याला तो लावून द्यायला सांगितलं आहे.

तिला विचारूनच हे लिहितोय. "लिही, पण नाव घालू नको," म्हणाली.

तेव्हा नातेवाईक मंडळींनो, गणपतीला याल तेव्हा आक्कासाठी काहीही आणा, तंबाखू मात्र आणू नका. आणि तुमच्याही घरात अशी एखादी डबी असेल, तर तिला न रागावता एकदा तिच्याशी बोला.