लाल डोळा आणि उरलेली बाटली

पावसाळा लागला की सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ताप-खोकल्याच्या रांगेत आणखी एक रांग मिसळते. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या, हातात ओला रुमाल. घरात एकाचे डोळे आले की आठवडाभरात सगळ्यांचे येतात. जुलै २०२३ मध्ये हेच राज्यभर झाले. आळंदी परिसरातील शाळकरी मुलांपासून बातम्या सुरू झाल्या. मग पुणे, बुलढाणा असे करत बहुतेक जिल्ह्यांतून आकडे येऊ लागले आणि ऑगस्टमध्ये राज्याची बेरीज लाखांत गेली. साथ ओसरली, बहुतेकांचे डोळे पूर्ववत झाले. मात्र एक वस्तू अनेक घरांत मागे राहिली: दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, अर्धी वापरलेली थेंबांची बाटली. पुढच्या पावसाळ्यात कोणाचा डोळा लाल झाला की तीच कपाटातून बाहेर निघते. साथीचा विषाणू दृष्टी क्वचितच नेतो; चुकीच्या डोळ्यात पडलेले चुकीचे थेंब मात्र ती नेऊ शकतात. म्हणून आज दोन्हींचा एकत्र विचार करू.

साथ कशाची असते?

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतल्या बाजूला एक पातळ, पारदर्शक पडदा असतो. त्याला सूज आली की आपण ‘डोळे आले’ म्हणतो. साथीच्या वेळी हे काम बहुधा दोन कुळांतले विषाणू करतात.

पहिला अ‍ॅडिनोव्हायरस. संसर्ग झाल्यावर साधारण आठवडा-दीड आठवड्याने तो लक्षणे दाखवतो आणि दोन-तीन आठवडे रेंगाळतो. सोबत घसा दुखणे, ताप, कानापुढे दुखरी गाठ असे काही असू शकते. दुसरा एन्टेरोव्हायरसचा गट. हा एक-दोन दिवसांतच डोळा लालबुंद करतो, पांढऱ्या भागावर रक्ताचे डाग उमटवतो. दिसायला भयंकर, पण आठवड्या-दहा दिवसांत निघून जातो. २०२३ च्या साथीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला तिथल्या नमुन्यांत एन्टेरोव्हायरस सापडला होता.

या दुसऱ्या गटाचा इतिहास मनोरंजक आहे. १९६९ मध्ये आफ्रिकेतील घाना देशात अशी मोठी साथ आली. त्याच वर्षी माणूस चंद्रावर उतरला होता, म्हणून लोकांनी तिला ‘अपोलो’चे नाव दिले. १९७१ मध्ये ती भारतात पसरली, तेव्हा बांगलादेशाच्या युद्धामुळे निर्वासितांचे लोंढे येत होते. बंगालमध्ये डोळे येण्याला ‘जय बांगला’ असे नाव पडले. त्या वर्षीच्या साथीनंतर मुंबईत काही रुग्णांना हातापायांचा पोलिओसारखा लुळेपणा आला आणि डॉ. नोशिर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची नोंद वैद्यकीय साहित्यात केली. असा प्रकार अत्यंत दुर्मीळ. पण डोळ्याच्या आजाराचा शेवट दरवेळी डोळ्यातच होत नाही, हे त्यातून लक्षात ठेवायचे.

नजरेने नाही, हाताने

डोळे आलेल्या माणसाकडे पाहिल्याने डोळे येतात हा समज अजून टिकून आहे. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो आणि हात डोळ्याकडे जाण्यापासून थोडा अडवतो, इतकेच. विषाणू जातो तो हाताने: रुग्ण डोळा पुसतो, दाराची कडी, मोबाइल, बसचा दांडा धरतो; दुसरा तिथे हात लावतो आणि तोच हात डोळ्याला लावतो. टॉवेल, उशीचा अभ्रा, काजळाची डबी हे त्याचे घरातले रस्ते. अ‍ॅडिनोव्हायरस कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस टिकू शकतो. या विषाणूंवर स्निग्ध आवरण नसल्याने सॅनिटायझरची मात्रा त्यांच्यावर तितकीशी चालत नाही. इथे साबण-पाणीच खरे.

थेंब घातले आणि डोळा पांढरा झाला

दुकानात ‘डोळे आलेत, काहीतरी द्या’ म्हटले की बहुधा दोनपैकी एक बाटली हातात पडते. एक नुसत्या प्रतिजैविकाची. ती जंतूंवर काम करते, विषाणूवर नाही. साथीतल्या बहुतेकांना तिचा उपयोग नसतो, फार नुकसानही नसते. दुसरी बाटली प्रतिजैविक आणि स्टेरॉइड यांच्या मिश्रणाची. खरी अडचण तिथे आहे.

डोळ्याची लाली म्हणजे शरीराने संसर्गाविरुद्ध उभा केलेला प्रतिकार. स्टेरॉइड तो प्रतिकार दाबते. त्यामुळे एका दिवसात डोळा पांढरा दिसू लागतो, खुपणे कमी होते आणि ‘त्या दुकानाचे औषध भारी’ अशी ख्याती पसरते. आत विषाणू असतोच. उलट त्याचा मुक्काम लांबू शकतो. त्यातच लाली नागिणीच्या भाऊबंदांपैकी असलेल्या हर्पिस विषाणूची असेल, तर बुबुळावरची जखम वेगाने पसरते. बुबुळात बुरशी शिरली असेल, तर तिला रान मोकळे मिळते.

दुसरे नुकसान आवाज न करता होते. स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे चालू राहिले तर अनेकांच्या डोळ्यातला दाब वाढतो. दुखत नाही, लालीही नसते; पण दृष्टीची नस हळूहळू मरते. हा काचबिंदू, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. महिनोन्‌महिने वापरल्यास मोतीबिंदूही होतो. याचे सर्वाधिक बळी म्हणजे उन्हाळ्यात डोळे सतत खाजणारी शाळकरी मुले, त्यातही मुलगे. ही अ‍ॅलर्जी दरवर्षी येते आणि वयात येताना बहुधा आपोआप जाते. पण एकदा लिहून दिलेली बाटली आईवडील वर्षानुवर्षे दुकानातून आणत राहिले, तर अ‍ॅलर्जी जाते आणि काचबिंदू राहतो.

याचा अर्थ स्टेरॉइड वाईट असा नाही. डोळ्याच्या आतल्या सुजेत तेच दृष्टी वाचवते. ते कोणत्या डोळ्यात, किती दिवस आणि कसे कमी करत थांबवायचे, हे डोळा तपासूनच ठरवावे लागते.

प्रत्येक लाल डोळा म्हणजे ‘डोळे आले’ नव्हे

साथीच्या दिवसांत सगळे लाल डोळे एकाच पोत्यात घातले जातात. पण त्या पोत्यात चार वेगळे आजार लपलेले असू शकतात.

पहिला, बुबुळावरची जखम. ऊसतोडणीत पात लागते, मळणीत भाताचे तूस उडते, वेल्डिंगचा कण जातो. एक-दोन दिवसांनी डोळा लाल होतो, प्रचंड दुखतो, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. शेतीतल्या अशा जखमेत बुरशीचा संसर्ग आपल्याकडे सर्रास आढळतो. त्यावर तासातासाला थेंब घालावे लागतात, उपचार अनेक आठवडे चालतात आणि उशीर झाला तर डोळ्यात कायमचे फूल पडते. कॉन्टॅक्ट लेन्स घालून झोपणाऱ्या शहरी तरुणांनाही हाच धोका आहे.

दुसरा, डोळ्याच्या आतली सूज, म्हणजे युव्हिआयटिस. इथे चिपड नसते. बुबुळाच्या कडेने लाली, उजेड सहन न होणे, खोलवर ठणका आणि धूसर दिसणे ही त्याची खूण. याची कारणे अनेकदा शरीरात दुसरीकडे असतात. तरुण माणसाला पहाटे कंबर आखडण्याचा त्रास असेल, तर मणक्यांचा संधिवात आणि डोळा यांचे नाते तपासावे लागते. क्षयरोग हेही आपल्या देशातले एक महत्त्वाचे कारण.

आणखी एक कारण पुराच्या पाण्यातून येते. १९९३ मध्ये तमिळनाडूत मोठे पूर आले आणि त्यानंतर मदुराईच्या डोळ्यांच्या रुग्णालयात अशा सुजेचे रुग्ण मोठ्या संख्येने दिसू लागले. शोध घेतल्यावर कारण निघाले लेप्टोस्पायरोसिस. कोकणात आणि मुंबईत हा आजार नवा नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याचा उद्रेक झाला होता. तापातून बरे झाल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी डोळा लाल होतो आणि धूसर दिसू लागते. तेव्हा जुन्या तापाची आठवण ना रुग्णाला राहते, ना डॉक्टरला. म्हणून पावसाळ्यात चिखल-पाण्यात काम केले असेल आणि ताप येऊन गेला असेल, तर डोळ्याच्या डॉक्टरांना ते न विचारता सांगा.

तिसरा, डोळ्यातला दाब अचानक वाढणे. चाळिशी-पन्नाशीच्या पुढे, विशेषतः स्त्रियांमध्ये, एका बाजूला असह्य डोकेदुखी, उलट्या, दिव्याभोवती रंगीत वलये आणि लाल डोळा असे एकदम सुरू होते. उलट्यांमुळे पित्त समजून रात्र काढली जाते. पण इथे हिशेब तासांचा असतो.

चौथा, नवजात बाळाचा डोळा. पहिल्या महिन्यात डोळ्यातून पू येणे ही घरी बघण्याची गोष्ट नाही. जन्माच्या वेळी आईकडून आलेला संसर्ग बाळाचे बुबुळ दोन दिवसांत खराब करू शकतो. त्यात आईचे दूध, मध, काजळ काहीही घालू नका. त्याच दिवशी रुग्णालयात आणा.

घरी करायची परीक्षा

डोळा लाल असेल तर स्वतःला पाच प्रश्न विचारा. एक डोळा झाकून दुसऱ्याने भिंतीवरचे कॅलेंडर वाचा, मग उलट करा: डोळा पुसल्यावरही एका डोळ्याने धूसर दिसते का? नुसते खुपते, की खोल ठणकते? उजेडाकडे बघवत नाही का? बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो का? डोळ्याला मार, कण, रसायन लागले आहे का, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स आहे का? एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. रसायन किंवा चुना गेला असेल तर आधी वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवा, मग निघा.

पाचही उत्तरे ‘नाही’ असतील, दोन्ही डोळे चिकटत असतील, पाणी येत असेल आणि घरात-शाळेत साथ असेल, तर ते बहुधा साधे डोळे येणेच. उकळून थंड केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून पापण्या पुसा. एका डोळ्याचा बोळा दुसऱ्याला लावू नका. थंड पाण्याच्या घड्या ठेवा. टॉवेल आणि उशी वेगळी. लेन्स आणि काजळ बंद. जुने काजळ फेकून द्या. गुलाबपाणी, लिंबू, कांद्याचा रस, गोमूत्र यांपैकी काही डोळ्यात नको. घट्ट पिवळा पू सतत येत असेल तर जंतूंचा संसर्ग असू शकतो. तेव्हा डॉक्टर प्रतिजैविक देतील.

पहिले तीन-चार दिवस त्रास वाढतो, मग उतरतो. हा क्रम माहीत नसल्यामुळेच माणूस तिसऱ्या दिवशी घाबरून दुकान गाठतो. अ‍ॅडिनोव्हायरसनंतर काहींना लाली गेल्यावरही काही आठवडे धूसर दिसते, दिव्याभोवती चकाकी जाणवते; बुबुळावर बारीक ठिपके राहिलेले असतात आणि ते बहुधा हळूहळू विरतात. तरी अशा वेळी एकदा डोळा तपासून घ्यावा. एक आठवड्यात काहीच उतार नसेल तर घरी थांबू नये.

साथ येण्याआधी करायचे काम

स्टेरॉइडचे डोळ्यांचे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाहीत, हा नियम कागदावर आहे. तो पाळला जात नाही, याला एकटा दुकानदार जबाबदार नाही. खेड्यातल्या मजुराला रुग्णालयात यायचे तर दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे जाते; दुकान कोपऱ्यावर आहे. शाळा हजेरीसाठी अडून बसते, म्हणून पालक मुलाचा डोळा पटकन ‘पांढरा’ करायला बघतात. मग ते मूल पांढऱ्या डोळ्याने वर्गात बसते आणि संसर्ग वाटत राहते.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. जूनमध्येच शाळा, आश्रमशाळा आणि वसतिगृहांनी ठरवावे की डोळे आलेल्या मुलाला डोळ्यातून पाणी येणे थांबेपर्यंत सुट्टी आहे आणि तिचा गैरहजेरीत हिशेब नाही. तिथे नळाशेजारी साबण असावा. औषध दुकानदारांनी चिठ्ठी नसेल तर स्टेरॉइड न देता वरचे पाच प्रश्न विचारावेत. आणि आरोग्य विभागाच्या आवाहनात ‘हात धुवा’च्या शेजारी ‘स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून घालू नका’ हे वाक्य तितक्याच मोठ्या अक्षरात यावे. अनेक ग्रामीण रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी असतात. त्यांच्याकडे कोणत्या दिवशी जायचे, हे गावातल्या आशाताईंना माहीत असले तरी निम्मे काम होते.

राहिली कपाटातली बाटली. डोळ्याचे बहुतेक थेंब उघडल्यापासून चार आठवड्यांनी वापरायचे नसतात. गेल्या वर्षीचे तर नाहीच नाही. बाटलीवरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचा, नाहीतर मुलांकडून वाचून घ्या. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी एक नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. सध्या ते डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू असेल तर एकदम थांबवू नका, त्यांना विचारून बेताबेताने कमी करा. मुलाला किंवा घरातल्या कोणालाही ते चिठ्ठीशिवाय महिनोन्‌महिने घातले गेले असेल, तर या आठवड्यातच डोळ्यातला दाब मोजून घ्या. ही तपासणी काही मिनिटांची आहे आणि दुखत नाही. बाकी उरलेल्या बाटल्या टाकून द्या. शेजाऱ्याचा डोळा आला म्हणून त्यालाही देऊ नका.