गोळीचे नाव लिहून घ्या

औषधाने मूत्रपिंड बिघडले की लोकांना भेसळीचा संशय येतो. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. ते सरळसरळ विष होते. पण औषध शुद्ध, मात्रा बरोबर, तरी मूत्रपिंड सुजते, असेही घडते. एखाद्याची प्रतिकारसंस्था औषधालाच शत्रू समजते. श्वेतपेशी मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांभोवती गर्दी करतात आणि त्या धुमश्चक्रीत नलिकाच जखमी होतात. प्रतिजैविके, वेदनाशामके, आम्लपित्ताच्या गोळ्यासुद्धा याला निमित्त होतात. आमच्या पदार्थविज्ञानात बल दुप्पट तर त्वरण दुप्पट. येथे तो हिशेब चालत नाही. क्षयावरचे रिफाम्पिसिन मध्येच सोडून पुन्हा घेतले, तर क्वचित एकदोन मात्रांतच मूत्रपिंड बंद पडते. रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे आधीच तयार असतात.

कारण असलेली गोळी वेळीच थांबवली, तर मूत्रपिंड पुष्कळदा सावरते. पण डॉक्टरांना ती कोणती हे कळायला हवे ना! आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरात काय किंवा अन्यत्र काय, पट्टी कापून दोन गोळ्या पुडीत बांधून मिळतात. नाव उरलेल्या पट्टीवरच राहते. ही पद्धत मला मुळीच पसंत नाही. पुडीवर नाव आणि तारीख लिहून मागा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.