खिलाफत कोणी बुडवली?

‘खिलाफत युरोपने बुडवली’ हे वाक्य तरुण मित्रांकडून मी नेहमी ऐकतो. ते अर्धेच खरे आहे. १९१६ च्या गुप्त साइक्स-पिको करारात ब्रिटन-फ्रान्सने अरब प्रदेश वाटून घेतले. १९२० च्या सेव्हर्स तहाने तुर्कस्तानचेही लचके तोडले. पण या दोस्तांचे आपसांतही पटत नव्हते. ब्रिटन ग्रीसच्या पाठीशी असताना फ्रान्सने १९२१ मध्ये अंकाराशी परस्पर करार केला. मुस्तफा केमाल यांनी ही फूट हेरली आणि १९२३ मध्ये लोझानला नवा तह मिळवला. इकडे मुंबईच्या खिलाफत समितीने वर्गण्या गोळा केल्या. तिकडे ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत रद्द केली ती तुर्कांच्याच संसदेने. म्हणून म्हणतो, दोस्तांनो, घोषणा देण्याआधी इतिहास वाचा. आपले शिक्षणाचे, रोजगाराचे प्रश्न इथल्या संविधानाच्या बळावरच सुटणार आहेत.