उमेदवारीचा वारस कोणी ठरवावा?

2024 च्या विधानसभा निवडणुकीत उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने औरंगाबाद मध्य मतदारसंघातून किशनचंद तनवाणी यांची उमेदवारी जाहीर केली; आणि अर्ज दाखल करण्याची 29 ऑक्टोबरची मुदत तोंडावर आली असता, मतविभागणीने 2014 ची पुनरावृत्ती होईल असे कारण देऊन त्यांनी माघार घेतली, तेव्हा पक्षाला बाळासाहेब थोरात (संगमनेरचे नव्हेत, येथील) यांस घाईघाईने उभे करावे लागले. ते कारण पोकळ होते असे आम्ही म्हणणार नाही. युती तुटल्यामुळे 2014 साली शिवसेनेचे प्रदीप जैस्वाल व भाजपचे तनवाणी परस्परांविरुद्ध लढले आणि दोघांच्या मतांची बेरीज विजयी इम्तियाज जलील यांच्या मतांहून पुष्कळ अधिक भरली, हे शहरातल्या गुलमंडीवरचा पानवालाही सांगेल. परंतु उमेदवारी स्वीकारतेवेळी तनवाणी यांस व ती देतेवेळी श्रेष्ठींस हा हिशेब ठाऊक नव्हता काय? लगतच्या पूर्व मतदारसंघात काँग्रेसनेही मधुकर देशमुख यांचे जाहीर झालेले नाव बदलून लहू शेवाळे यांस पुढे केले.

कायद्याने यात गैर काही नाही. 1968 च्या निवडणूक चिन्ह आदेशान्वये अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी 3 वाजेपर्यंत पक्षास आपला एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवाराचे नाव कळविणारे पत्र, बदलता येतो, आणि तोवर सारा अंमल श्रेष्ठींच्या मर्जीचा असतो. अमेरिकेत उमेदवार पक्षाच्या मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत निवडलेला असतो, म्हणून तेथे बदल हा न्यायालयापर्यंत जाणारा प्रश्न ठरतो. 2002 साली न्यू जर्सीत आरोपग्रस्त सिनेटर टॉरिसेली बाजूस झाले, तेव्हा मुदत टळून गेली असताही त्यांच्या जागी लॉटनबर्ग यांचे नाव मतपत्रिकेवर घेण्यास राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची मंजुरी लागली. आपल्याकडे काँग्रेसने 2014 साली लातूरसह मोजक्या लोकसभा मतदारसंघांत कार्यकर्त्यांचे मत घेण्याचा स्तुत्य प्रयोग केला खरा, पण वडोदऱ्यात त्याच मार्गाने निवडले गेलेले नरेंद्र रावत, नरेंद्र मोदी रिंगणात उतरताच बाजूस झाले व मधुसूदन मिस्त्री यांचे नाव दिल्लीहून आले. ज्यांनी रावतांस निवडले, त्यांस पुन्हा विचारावे असे कोणास वाटले नाही.

आमच्या मते दोष बदलात नाही, बदलाच्या मुखत्यारीत आहे. एबी फॉर्मवर पर्यायी उमेदवाराच्या नावाचा रकाना आहेच. तो श्रेष्ठींनी बंद दाराआड भरण्याऐवजी मुख्य नावाबरोबरच मतदारसंघातील सभासदांच्या मताने भरावा आणि दोन्ही नावे एकाच दिवशी जाहीर करावीत, एवढी सुधारणा करण्यास पक्षांना कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.