फॉर्म भरून झाले, पुढे काय?

जानेवारी उजाडला की आमच्या समुपदेशन केंद्राचा फोन एका ठरावीक कारणासाठी वाजायला लागतो. "ताई, कॉलेजातून बोलतेय. आमचा प्रोजेक्ट आहे. तुमच्या वस्तीतल्या पन्नास बायका मिळतील का?" पन्नास बायका! जणू आम्ही त्या पोत्यात भरून ठेवल्या आहेत आणि मापाने द्यायच्या आहेत. पण चिडून उपयोग नसतो. पलीकडे अठरा-एकोणीस वर्षांची पोर असते, सबमिशनची तारीख तिच्या डोक्यावर असते आणि पन्नास हा आकडा तिला कुणीतरी सांगितलेला असतो.

काही वर्षांपूर्वी अशाच तीन मुली आल्या. त्या दिवशी केंद्रात गर्दी होती. "त्या गल्लीत जा, आमचं नाव सांगा," असं म्हणून आम्ही मोकळ्या झालो. त्यांच्या प्रश्नावलीत घर, पाणी, शिक्षण, मुलं असे प्रश्न होते आणि शेवटी, 'आपले पती आपणास मारहाण करतात काय? होय / नाही / कधी कधी.' एका दारात बाई भांडी घासत होती, सासू ओट्यावर तांदूळ निवडत होती. मुलीने प्रश्न मोठ्याने वाचला. बाई म्हणाली, "नाही." मुलीला वाटलं, बाई लाजते आहे. ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "मावशी, मोकळेपणाने सांगा. आम्हाला केंद्राच्या ताईंनीच पाठवलंय."

ही बाई दोन महिने चोरून आमच्याकडे येत होती. रेशनला जाते असं घरी सांगून. सासूच्या हातातलं सूप तिथेच थांबलं. त्यानंतर पाच महिने बाई आली नाही. आली तेव्हा काय काय झालं ते तिने थोडक्यात सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. उठताना तिने विचारलं, "ताई, ती पोर पास झाली का?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या कॉलेजला दोष देऊन आम्हाला सुटता येणार नाही. आमचं नाव वापरायला आम्हीच सांगितलं होतं. पण आणखी एक गोष्ट तेव्हापासून डोक्यातून जात नाही. त्या प्रकल्पाच्या अहवालात ही बाई 'नाही'च्या रकान्यात आहे. मार न खाणाऱ्या बायकांची संख्या तिने एकाने वाढवली आहे. म्हणजे बाईला त्रास झाला आणि आकडाही खोटा निघाला. संशोधनातली नीती वेगळी आणि शास्त्र वेगळं असं आपल्याला सांगितलं जातं. त्या ओट्यावर मात्र दोन्ही एकाच क्षणी मोडलं.

यावर आमच्यातल्या काहीजणींचं म्हणणं पडलं की, विद्यार्थ्यांना यापुढे दारातच उभं करायचं नाही. मला ते पटत नाही. कारण आपली चळवळ विचारण्यातूनच उभी राहिली आहे. पुण्यात सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापला, तेव्हा ती शाळकरी पोरच होती. उघड्यावर बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांचे हाल तिने त्यात लिहिले. आजच्या भाषेत तो विद्यार्थिनीचा प्रकल्पच म्हणायचा! १९७४ साली 'टुवर्ड्स इक्वॅलिटी' हा सरकारी समितीचा अहवाल आला आणि स्वातंत्र्यानंतर बाईचं भलंच झालं असं मानणाऱ्यांचे डोळे आकड्यांनी उघडले. त्याच वर्षी नीरा देसाईंनी एसएनडीटी विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचं काम सुरू केलं. १९८९ साली गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांची पाहणी राणी आणि अभय बंग यांनी 'लॅन्सेट'मध्ये छापली. ९२ टक्के बायकांना अंगावरचे किंवा लैंगिक आजार होते आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के. बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढंच धरून चालणाऱ्यांना ही चपराक होती. त्याच १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधत, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याकडून ऐकून त्यांनी तो इतिहास उभा केला.

या सगळ्यांत सारखं काय आहे? विचारणारी माणसं त्या बायकांची होती किंवा त्यांच्यात राहिली होती, आणि विचारून झाल्यावर ती निघून गेली नाहीत. आपल्या दारात येणाऱ्या प्रकल्पांत नेमकं हेच नसतं.

आणि असे प्रकल्प आता वाढणार आहेत. वैद्यकीय शिकणाऱ्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची संशोधन-योजना १९७९पासून आहे. विद्यापीठांमधली 'आविष्कार' स्पर्धा २००६पासून आहे. तीत भाषा-मानव्यविद्यांपासून वैद्यकशास्त्रापर्यंत सगळ्या शाखांची मुलं उतरतात. पण ही निवडक मुलांची गोष्ट झाली. नवीन शैक्षणिक धोरण २०२०चं. ते महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून लागू झालं आणि फील्ड प्रोजेक्ट, समाजाशी संपर्काचं काम, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण या गोष्टींना क्रेडिट मिळू लागले. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेणाऱ्याला १२ क्रेडिटचा प्रकल्प करायचा आहे. कल्पना चांगली आहे. पोरांनी पुस्तकातून डोकं वर काढावं, हे आपणच ओरडून सांगत होतो. पण एकेका शिक्षकाच्या वाट्याला येणारी मुलं, रिकाम्या जागा, तासांवर नेमलेले प्राध्यापक हे चित्र आपल्याला ठाऊक आहे. पर्यावरणाचा सक्तीचा प्रकल्प आला तेव्हा काय झालं? कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तो तयार मिळू लागला. या खेपेला मुलं झेरॉक्सवाल्याकडे जातील किंवा आपल्या वस्तीत येतील. दोन्हीकडे घाईच असेल, फक्त वस्तीतल्या घाईने जिवंत बाईला इजा होते.

सुईने रक्त घ्यायचं असेल तर नीती समितीची परवानगी लागते, हे वैद्यकीयच्या मुलीला पहिल्यांदाच सांगितलं जातं. बी.ए.ची मुलगी मात्र बाईच्या संसाराची जखम उघडायला निघते, तेव्हा तिच्याकडे बहुधा प्राचार्यांच्या सहीचं ओळखपत्र एवढंच असतं. नियम नाहीत असं मुळीच नाही. आरोग्यावरच्या सामाजिक संशोधनासाठी नीतितत्त्वं २०००मध्येच तयार झाली, त्यात मुंबईच्या 'सेहत'चा पुढाकार होता. आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं २०१७ची आहेत. घरातल्या हिंसेवर संशोधन करताना काय पाळायचं ते जागतिक आरोग्य संघटनेने २००१मध्ये लिहून ठेवलं आहे : बाईशी एकटीशी बोला, एका घरातल्या एकाच बाईला विचारा, कुणी आलं तर विषय बदला, मदत कुठे मिळेल ते सांगता येत असेल तरच विचारा. यातली एकही गोष्ट कठीण नाही. आमच्या गल्लीत त्या दिवशी यातली एकही पाळली गेली नाही.

आता विषयांकडे बघू. आमच्याकडे येणारे निम्मे प्रकल्प मासिक पाळीच्या 'जाणीवजागृती'वर असतात, नाहीतर रक्तक्षयावर. रक्तक्षय आहे हे आता कुणाला सांगायचं? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना तो आढळला. आणखी पन्नासजणींचं बोट टोचून त्यात काय भर पडणार? त्याच मुली रेशन दुकानात डाळ मिळते का, आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या वर्षातले किती महिने असतात, हे का नाही तपासत? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण दर सहावीची. त्यानंतर या विषयावर प्रकल्प करू म्हणणाऱ्या मुली आमच्याकडेही आल्या. त्यांच्या प्रश्नावलीतले सगळे प्रश्न बाईलाच होते : वय काय, लग्न कधी झालं, पिशवी का काढली. एका दिवसाच्या खाड्याला मुकादम किती कापतो, हा प्रश्न नव्हता. डॉक्टरला विचारायचा तर एकही प्रश्न नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे की, प्रश्नावलीचं तोंड जरा वर फिरवा. गरीब बाईला काहीही विचारता येतं, कारण ती दार लावून घेत नाही. ज्यांचं दार बंद असतं त्यांना विचारायला शिकणं, हे खरं संशोधनाचं शिक्षण. मुंबईत 'राइट टू पी'च्या कार्यकर्त्या २०११पासून बायकांच्या मुताऱ्या किती, पैसे किती घेतात, हे मोजत महापालिकेच्या दारात गेल्या. माहितीचा अधिकार २००५पासून आहे, अर्जाची फी दहा रुपये. पदवीच्या मुलीला हे सहज जमेल आणि त्यात कुणाच्या सुनेला मार पडणार नाही.

नावांचंही तसंच. हिंसेबद्दल बोलणाऱ्या बाईचं नाव लपवायलाच हवं. पण आजीकडून ओव्या, औषधं, बियाणं सांभाळण्याची रीत लिहून घ्यायची आणि खाली 'एक वयस्क महिला' असं लिहायचं, ही कुठली नीती? हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचं जे काम उभं केलं, त्यात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत आणि गाणाऱ्या बाईचं, गावाचं नाव नोंदलेलं आहे. जिथे बाई दुःख सांगते तिथे तिला आडोसा द्या आणि जिथे ज्ञान सांगते तिथे तिचं नाव ठळक लिहा. आपल्याकडे नेमकं उलट होतं.

आणि हे करणाऱ्या मुलींचं काय? त्याही आपल्याच. चौथ्या वर्षीच्या संशोधनासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. सकाळची भाकरी थापून, धाकट्यांचं आवरून, दोन बस बदलून येणाऱ्या मुलीचे ६२ टक्के कुठल्या तागडीत तोलायचे? वस्तीतून आलेल्या मुलीला जे न विचारता माहीत असतं, त्यासाठी बाकीच्यांना पन्नास फॉर्म लागतात. आणि दाराबाहेर राहते तीच. पुन्हा तिसरं वर्ष संपलं की घरी स्थळं यायला लागतात, तेव्हा 'आणखी एक वर्ष' हे वाक्य बापासमोर कोण उच्चारणार? शिवाय प्रकल्पाची सही आणि गुण एकाच मार्गदर्शकाच्या हातात असतात. 'रविवारी ये, चॅप्टर बघू' या निरोपाचा अर्थ काय घ्यायचा, हा प्रश्न घेऊनही मुली आमच्याकडे आल्या आहेत. लैंगिक छळाविरुद्धचे यूजीसीचे २०१५चे नियम क्षेत्रभेटीला आणि इंटर्नशिपलाही लागू आहेत, हे प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी प्रत्येकीला सांगितलं पाहिजे.

आपल्या संस्थाही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. मुलगी इंटर्न म्हणून आली की जुन्या फायली लावायला बसवायची, आपल्या अहवालाचं टायपिंग करून घ्यायचं आणि शेवटी सर्टिफिकेट द्यायचं, हे आम्हीही केलं आहे. म्हणून त्या प्रसंगानंतर आम्ही काही गोष्टी ठरवल्या. तीनदा यायला वेळ असेल तरच या : एकदा ऐकायला, एकदा विचारायला, एकदा सांगायला. प्रश्नावली आधी वस्तीतल्या दोघीजणी वाचतील आणि नको तो प्रश्न खोडतील. मारहाणीवर पदवीच्या विद्यार्थ्यांनी थेट विचारायचं नाही. हवं तर केंद्रातल्या कार्यकर्त्यांना विचारा. बाई 'नको' म्हणाली की उठायचं, समजावत बसायचं नाही. जाताना १८१ हा मदतीचा नंबर सगळ्याच घरांत द्यायचा, म्हणजे कुणा एकीवर बोट येत नाही. आणि अहवालाचं एक पान साध्या मराठीत वस्तीत वाचून दाखवायचं, त्याशिवाय आमचं पत्र मिळणार नाही.

या नियमांमुळे येणाऱ्यांची संख्या घटली, हे खरं. पण गेल्या वर्षी बी.एस्सी.च्या चार मुली आल्या. वस्तीतल्या नळांचं पाणी त्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासलं आणि तिसऱ्या भेटीत येऊन सांगितलं की पाणी बरं आहे. मागे बसलेल्या एका बाईने विचारलं, "पाणी किती वाजता भरलंत?" मुली म्हणाल्या, "दहाला." बाई हसली. "अगं, आमचं पाणी पहाटे चारला येतं. पहिली कळशी आम्ही ओतून देतो, वास मारतो तिला. रात्रभर नळ कोरडा, बाजूला गटार. ते पाणी तपासा की."

मुली गप्प झाल्या. मग त्यातल्या एकीने वही उघडली आणि बाईचं नाव विचारलं. पुढच्या आठवड्यात दोघीजणी त्याच बाईच्या घरी मुक्कामाला राहिल्या आणि पहाटे चारला बाटल्या घेऊन नळावर उभ्या राहिल्या. त्या पाण्यात मैल्यातले जंतू निघाले. तो कागद वॉर्ड ऑफिसात गेला आहे. पाइप अजून बदललेला नाही, पण अर्जावर मुलींच्या सह्यांखाली वस्तीतल्या एकवीस बायकांच्या सह्या आहेत.

तुमच्या केंद्रात येणाऱ्या विद्यार्थ्यांना तुम्ही काय सांगता? काय नाकारता? जरूर लिहा. प्रत्येक संस्थेने आपापल्या दारात एकटीने नियम करण्यापेक्षा, आपण मिळून एक पान तयार करू आणि ते कॉलेजांकडे पाठवू, पुढच्या जानेवारीचा फोन वाजण्याआधी.