एकाच दामाचे दोन फोन

सोयाबीनचा चुकारा हाती पडला की कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावांतून माणसं फोन घ्यायला निघतात. सोबत घरातला शिकणारा मुलगा किंवा मुलगी असते, खिशात दहा-अकरा हजार असतात. आपण काउंटरवर दोन खोके ठेवतो. दोन्हींवर ५० मेगापिक्सेल, दोन्हींवर ५००० एमएएच, किंमतही जवळपास तीच. मग तो प्रश्न येतो, जो या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकलेला आहे : "भाऊ, दोन्ही त सारखेच दिसते. यातला कोन्ता नेऊ?"

दुकानदार आणि कारागीर मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा त्या महिन्याची स्कीम देते. ज्या मॉडेलवर कंपनीने चार पैसे जास्त लावलेत, तो खोका पुढे सरकतो. फोनच्या विक्रीत मार्जिन किती पातळ झालं आहे हे या मासिकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको, आणि स्कीम घेऊ नका असा आग्रहही नाही. पण दोन फोन जेव्हा कागदावर सारखे असतात, तेव्हा गिऱ्हाईक पूर्णपणे आपल्या शब्दावर अवलंबून असतं. त्या घरात पुढचा फोन तीन-चार वर्षं येणार नाही. म्हणून या अंकात फक्त सारख्या दिसणाऱ्या दोन फोनांबद्दलच बोलू.

एक जुनं उदाहरण घेतो, कारण ते अजून अनेकांच्या दुरुस्तीच्या टेबलावर येतं. ६ डिसेंबर २०२३ ला रेडमी १३सी ५जी बाजारात आला, सुरुवातीची किंमत १०,९९९ रुपये. त्याच महिन्याच्या २२ तारखेला पोको एम६ ५जी आला, १०,४९९ रुपयांना. दोन्हींत मीडियाटेकची डायमेन्सिटी ६१००+ चिप, दोन्हींचा डिस्प्ले ६.७४ इंची, ९० हर्ट्झचा आणि ७२०पी, बॅटरी ५००० एमएएच, मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेल. दोन्ही फोन १८ वॅटने चार्ज होतात आणि दोन्हींच्या खोक्यात चार्जर मात्र १० वॅटचा. नावं दोन, पाठीमागची नक्षी वेगळी, आतला फोन जवळजवळ एकच. अशा जोडीत गिऱ्हाइकाला कॅमेऱ्यावर, प्रोसेसरवर व्याख्यान देणं म्हणजे नसलेला फरक विकणं. तिथे स्वस्त मिळेल तो द्यावा, किंवा ज्याचा डिस्प्ले आणि चार्जिंग बोर्ड आपल्याकडे सहज मिळतो तो द्यावा.

याच कथेत दोन खड्डे होते. पहिला असा की त्याच ६ डिसेंबरला रेडमी १३सी नावाचा ४जी फोनही आला. नाव तेच, डिस्प्लेचं माप तेच, बॅटरी तीच, खोक्यावरचे ५० मेगापिक्सेलही तेच. पण आत १२ नॅनोमीटरची हेलिओ जी८५ आणि ईएमएमसी स्टोरेज. ५जीवाल्यात ६ नॅनोमीटरची चिप आणि यूएफएस २.२. म्हणजे वेगळ्या नावांचे दोन फोन आतून एक होते, आणि एका नावाचे दोन फोन आतून वेगळे. दुसरा खड्डा मार्च २०२४ मधला. पोको एम६ ५जीची एअरटेल आवृत्ती ८,७९९ रुपयांना आली, पण त्यात १८ महिने दुसऱ्या कंपनीचं सिम चालणार नव्हतं. ज्याच्या शेतात एअरटेलची रेंज नीट आहे त्याच्यासाठी तो उत्तम सौदा. ज्याच्या घरी जिओशिवाय दुसरं काही पकडत नाही, त्याच्या हातात तो फोन दीड वर्ष अडकलेला. ऑनलाइन किंमत दाखवून "तुमच्याकडे महाग का?" असं विचारणाऱ्याला आपण चिडून उत्तर दिलं, तेव्हा ही अट शांतपणे वाचून दाखवता आली असती.

स्टोरेजच्या प्रकाराबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण दहा हजारांच्या फोनात सगळ्यात जास्त फरक तिथे पडतो आणि खोक्यावर तो बहुधा छापलेला नसतो. ईएमएमसी एका वेळी वाचते किंवा लिहिते. यूएफएस दोन्ही कामं एकाच वेळी करते. नवीन फोन दुकानात चालवून पाहिला तर हे कळत नाही, कारण मेमरी रिकामी असते. वर्ष-दीड वर्षाने व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, चार बँकांची अ‍ॅप यांनी ती भरत आली की ईएमएमसीवाला फोन अडखळू लागतो, आणि तो गावकरी पुन्हा आपल्याकडेच येतो : "भाऊ, हँग मारते." आपण फॉरमॅट करून देतो, महिनाभर बरं चालतं, पुन्हा तेच. त्यातच 'व्हर्च्युअल रॅम'. पोस्टरवर ८ जीबी लिहिलेलं असतं, त्यात खरी रॅम ४ जीबी आणि उरलेली स्टोरेजमधून उसनी घेतलेली. स्टोरेजच हळू असेल तर त्या उसनवारीने फोन वेगवान होत नाही. काउंटरवरच्या मुलाने हे आकडे एकत्र बेरीज करून सांगू नयेत, एवढा नियम प्रत्येक दुकानाने आजपासून पाळावा.

आता गिऱ्हाइकाच्या कामाकडे या. धनजच्या शेतकऱ्याचा फोन हे आज शेतीचं अवजार आहे. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभं राहून, लोकेशन चालू ठेवून पिकाचा फोटो काढावा लागतो. २०२५ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी आली. घरातल्या बाईची लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली, तिचा ओटीपी आला. यातलं एकही काम १०८ मेगापिक्सेल मागत नाही. ही कामं मागतात त्या साध्या गोष्टी : उन्हात वाचता येणारा स्क्रीन, लवकर जागा पकडणारा जीपीएस, आणि शेताच्या बांधावर टिकणारी रेंज.

हे तपासायला यंत्र लागत नाही. दोन्ही डेमो पीस घेऊन गिऱ्हाइकासोबत दुकानाबाहेर दुपारच्या उन्हात उभे राहा. ब्राइटनेस पूर्ण वाढवून कोणत्या स्क्रीनवरची मराठी अक्षरं त्याला वाचता येतात ते त्यालाच विचारा. मग दोन्हींवर गुगल मॅप्स उघडा. निळा ठिपका किती वेळात स्थिरावतो, आणि त्या ठिपक्याला दिशा दाखवणारा फिकट झोत आहे का ते बघा. झोत नसेल तर बहुधा त्या फोनात होकायंत्राचा सेन्सरच नाही; स्वस्त फोनांत कंपन्या खर्च वाचवायला तो गाळतात. गटाच्या कोणत्या बाजूला आपण उभे आहोत हे नकाशावर शोधणाऱ्याला तो सेन्सर उपयोगी पडतो. मग त्याचंच सिम घालून एक फोन लावायला सांगा. पाच-सात मिनिटांचं काम आहे. दुकानात एसीखाली, पांढऱ्या दिव्यात दोन्ही स्क्रीन सारखेच सुंदर दिसतात. फरक बाहेर दिसतो.

५जीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. निव्वळ ५जी या अक्षरासाठी खेड्यातल्या माणसाकडून हजार-पंधराशे जास्त घेऊ नयेत. पण ५जीवाला फोन नव्या चिपचा आणि यूएफएसचा असेल, तर त्या दोन कारणांसाठी तो जरूर सुचवावा, आणि कारण तेच सांगावं. बँड बघायला मात्र विसरू नका. जिओचं ५जी स्वतंत्र जाळ्यावर चालतं आणि त्यात ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे एन२८ बँड आहे. तो टॉवरपासून दूरवर पोचतो आणि भिंतीतून आत शिरतो. एन७८ बँड वेगवान, पण अंतर वाढलं की लवकर सुटतो. जिओ वापरणाऱ्या गावकऱ्याला एन२८ नसलेला ५जी फोन दिला तर टॉवरपासून दूर गेल्यावर तो ४जीवर उतरण्याची शक्यता जास्त.

फोन कामाला पुरला नाही तर काय होतं, याचा मोठा धडा आपल्याच राज्यात आहे. अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये शासनाने फोन दिले. रॅम २ जीबी. त्या वेळी ते चालले. मार्च २०२१ मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर अ‍ॅप आलं, नोंदींचं ओझं वाढलं, फोन तापू लागले, बंद पडू लागले, हमीची मुदत संपली आणि दुरुस्तीचा खर्च कित्येक सेविकांच्या अंगावर आला. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन कार्यालयांत नेऊन परत केले. हजारो बायकांनी सरकारी वस्तू परत करणं ही साधी गोष्ट नव्हती. खरेदीच्या दिवशी तो फोन वाईट नव्हता. दोन वर्षांनी त्यावर कोणतं काम येणार याचा अंदाज खरेदीत धरलेला नव्हता. शासनाच्या खरेदीत जी चूक लाखाच्या संख्येने होते, तीच आपल्या काउंटरवर एकेकाने होते. म्हणून खरेदीच्या दिवशी २-३ जीबी रॅमचा फोन "सध्या पुरतोय" म्हणून कुणाला देऊ नका, त्याने मागितला तरी आधी दोन शब्द सांगा.

दोन वर्षांनंतरचा विचार म्हणजे अपडेटचा विचार. सारख्या दिसणाऱ्या दोन फोनांत हा फरक कधी कधी सगळ्यात मोठा असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी ए०६ ५जी १०,४९९ रुपयांपासून आणला आणि चार वर्षांच्या सुरक्षा अपडेटचं आश्वासन दिलं. म्हणजे दहा हजारांच्या पातळीवरही असं आश्वासन मिळू शकतं. तेव्हा शेजारच्या खोक्यावर किती वर्षं लिहिलंय, की काहीच लिहिलेलं नाही, हे विचारायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. जुन्या अँड्रॉइडवरून व्हॉट्सअ‍ॅप आणि बँकांची अ‍ॅप हळूहळू पाय काढतात. ज्या घरात यूपीआयवर दुधाचे पैसे येतात, तिथे ही चैनीची बाब नाही.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोनवर नियम लावले आहेत : मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट, सात वर्षं सुटे भाग, ८०० वेळा चार्ज करूनही बॅटरीची किमान ८० टक्के क्षमता, आणि खोक्यासोबतच्या लेबलवर दुरुस्तीला फोन किती सोपा याची श्रेणी. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, दुरुस्ती-निर्देशांकासाठी समितीही नेमली. पण धनजच्या माणसाच्या हातातल्या खोक्यावर अशी श्रेणी अजून नाही. ती येईपर्यंत ते लेबल म्हणजे आपला कारागीर. कोणत्या मॉडेलची चार्जिंग पिन सहा महिन्यांत सैल होते, कोणाचा डिस्प्ले साध्या पडण्याने जातो, कोणाचं मूळ फोल्डर, म्हणजे काचेसकट डिस्प्ले, मागवलं तर अकोल्याहून किंवा अमरावतीहून पंधरा दिवसांनी येतं, हे त्याला पाठ असतं. आणि बहुतेक दुकानांत विक्रीचं काउंटर त्याला कधी विचारतच नाही. मला हे फार खटकतं. एकाच छताखाली एक माणूस फोन विकतो, दुसरा तोच फोन उघडून बसतो, आणि दोघांत या गोष्टीवर बोलणं होत नाही. दर आठवड्याला एकदा, दुकान उघडताना, कारागिराने काउंटरवरच्या मुलांना त्या आठवड्यात आलेली मॉडेलं आणि त्यांचे आजार सांगावेत. गिऱ्हाइकाला द्यायचं उत्तर तिथून तयार होईल.

शेवटची सूचना लेखी आहे. प्रत्येक फोनचे पैसे घेण्याआधी दुकानाच्या शिक्क्याच्या चिठ्ठीवर काही ओळी लिहून द्या : खरी रॅम किती, स्टोरेज ईएमएमसी की यूएफएस, अपडेट कधीपर्यंत, खोक्यात किती वॅटचा चार्जर आणि फोन किती घेतो, सिमचं कुलूप आहे की नाही, हप्त्यावर असेल तर हप्ता चुकल्यास फोन बंद होतो का, जवळचं सर्व्हिस सेंटर कोणत्या गावी, आणि डिस्प्ले फुटला तर आजच्या भावाने काय खर्च. शेवटची ओळ लिहायला अनेकांचा हात अडखळेल. पण दोन सारख्या फोनांपैकी एकाचा डिस्प्ले दुसऱ्याच्या दुप्पट भावाचा असेल, तर गिऱ्हाइकाला तो विकत घेण्याआधी कळायला हवं, फोडल्यानंतर नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या सांगण्याला अनुचित व्यापार प्रथा म्हणतो. अशी लेखी नोंद आपल्यालाही राखते. "तुम्ही असं सांगितलं होतं" या वादात तिचा कागद आपल्या बाजूने उभा राहतो.

या अंकाच्या मधल्या पानावर त्या चिठ्ठीचा कोरा नमुना छापला आहे. तो फाडून घ्या, झेरॉक्स काढा, आपल्या दुकानाचं नाव टाका. आणि वाशीम, अकोला, अमरावती, यवतमाळ जिल्ह्यांतल्या कारागिरांनी दहा ते बारा हजारांच्या मॉडेलांच्या मूळ डिस्प्लेचे आपल्याकडचे भाव आणि तो यायला लागणारे दिवस आम्हाला कळवावेत. पुढच्या अंकात तालुकावार तक्ता छापू, म्हणजे कपाशीचे चुकारे सुरू होतील तेव्हा तो काउंटरवर चिकटवलेला असेल.